हॉलो पॉइंट घातली की पिस्तूल अडकतं? रॅम्प घासायच्या आधी हे तपासा

"अण्णा, बॉल चालते, हॉलो पॉइंट घातली की जाम." सोलापुरात आमच्या दुकानात येणाऱ्या तक्रारीचं हे ठरलेलं वाक्य. म्हणजे गोल नाकाची 'बॉल' गोळी नीट आत जाते, नाकात खड्डा असलेली 'हॉलो पॉइंट' अडकते. मोहोळचा बागायतदार असो की होटगी रोडचा कारखानदार, यापुढे कुणी काही सांगत नाही. 'जाम' एवढ्यावर मात्र काहीच कळत नाही. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागं-पुढं सरकणारा भाग, कुठं थांबली आणि त्या वेळी गोळीचं नाक कुठं होतं, एवढं नीट पाहिलंत तर अर्धं निदान तिथंच होतं. मी फौजेत आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो, आता लायसन्स असलेल्या दुरुस्तीच्या दुकानात बसतो, आणि हाच बिघाड पुन्हापुन्हा हाताखालून जातो. म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून ठेवतोय. आधी फुकटचे उपाय, शेवटी खर्चाचे.

लक्षणं

काडतूस मॅगझिनमधून सुटलं, पण नाक खाली करून फीड रॅम्पच्या (मॅगझिनकडून चेंबरकडं चढणाऱ्या उताराच्या) तळाशी किंवा मॅगझिनच्या पुढच्या भिंतीला टेकलं आणि स्लाइड अर्ध्यावर थांबली. याला आम्ही 'नाक खाली' म्हणतो. बहुतेक वेळा दोष मॅगझिनचा नाहीतर काडतुसाचा.

नाक वर गेलं, चेंबरच्या (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या) वरच्या कडेला टेकलं आणि काडतूस तिरकं अडकलं. इथं मॅगझिनची ओठं (वरच्या वळलेल्या कडा), एक्सट्रॅक्टर (काडतुसाची कड धरणारा आकडा) किंवा काडतुसाची लांबी, यांतलं काहीतरी.

काडतूस जवळजवळ पूर्ण आत गेलं, पण स्लाइड शेवटचे दोन-तीन मिलिमीटर पुढं येईना. घाण, सुकलेलं तेल, थकलेली रीकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुढं ढकलणारी) किंवा कळंक चढलेलं काडतूस.

स्लाइड पुढं आली, पण वरचं काडतूस मॅगझिनमधून सुटलंच नाही. मॅगझिन बाहेर काढून अंगठ्यानं पुढं ढकललं तरी हलत नाही. .३२ बोअरमध्ये हे दिसलं तर तो रिमलॉक, म्हणजे काडतुसांच्या बुडाच्या कडा एकमेकींत अडकणं. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, कारण आपल्याकडं लायसन्सवर सर्वांत जास्त .३२ च आहे.

रिकामी पुंगळी (गोळी सुटल्यावर उरणारी पितळी नळी) स्लाइडमध्ये उभी अडकली, तर तो काडतूस भरण्याचा बिघाड नव्हे, पुंगळी बाहेर फेकण्याचा आहे. लोक दोन्ही एकाच पोत्यात घालतात. त्याची कारणं बऱ्याच अंशी वेगळी आहेत. हा लेख त्याचा नाही.

हात लावण्याआधी

आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागं ओढा. हा क्रम उलटा झाला तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं आणि स्लाइड पुढं येताना मॅगझिनमधलं दुसरं आत जातं. माणूस समजतो रिकामं केलं, आणि पिस्तूल असतं भरलेलं. स्लाइड मागं धरून चेंबरमध्ये डोळ्यानं बघा, मग करंगळी घालून बघा. जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. घरातल्या सगळ्या तपासण्या डमी, म्हणजे दारू नसलेल्या काडतुसांवरच करायच्या. डमी नसेल तर खालच्या ज्या तपासण्यांना ती लागते त्या करू नका, दुकानात या.

गोळी झाडून बघायचं ते फक्त परवानगी असलेल्या रेंजवर. "शेतात दोन टाकून बघितल्या" असं कुणी सांगितलं की मी पुढचं ऐकून घेत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलगर्जीपणानं किंवा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर शस्त्र कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

हॉलो पॉइंटच का अडकते

काडतुसाचा प्रवास आधी डोळ्यांपुढं आणा. स्लाइड मागून येते, मॅगझिनच्या वरच्या काडतुसाच्या बुडाला धक्का देते. काडतूस पुढं सरकतं, गोळीचं नाक फीड रॅम्पच्या उतारावर आपटतं, उतारावरून वर चढतं आणि चेंबरच्या तोंडात शिरतं. त्याच वेळी मागची कड एक्सट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

बॉल गोळीचं नाक गोल, त्यावर अख्खं तांब्याचं आवरण. ते उतारावर घसरतं. हॉलो पॉइंटचं तोंड रुंद, मध्ये खड्डा, आणि त्या खड्ड्याला कड. रॅम्पवर जरासा खाच, घाण किंवा चुकीचा कोन असला की ती कड तिथं रुतते. शिवाय हॉलो पॉइंट काडतूस बऱ्याचदा बॉलपेक्षा आखूड असतं. त्यामुळं नाक रॅम्पवर ठरलेल्या जागी न टेकता थोडं खाली टेकतं.

जुन्या घडणीच्या पिस्तुलांत हे जास्त होतं, आणि त्याला कारण आहे. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं युद्धात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. त्यामुळं फौजांसाठी बनलेल्या पिस्तुलांची आखणी गोल नाकाच्या बॉलवरच झाली. १९११ सालचं .४५ कोल्ट घ्या किंवा १९३५ चं ब्राउनिंग हाय पॉवर घ्या. हाय पॉवरच्या जुन्या नगांत रॅम्पला चक्क उंचवटा होता. बॉल त्यावरून मजेत जायची, हॉलो पॉइंट अडायची. पुढच्या आवृत्त्यांत कंपनीनं रॅम्प सरळ केला. इशापूरला बनणारं आपलं ९ मिमी १ए त्याच घराण्यातलं. ९ मिमी प्रतिबंधित बोअर असल्यानं ते सामान्य लायसन्सवर मिळत नाही, पण तत्त्व तेच आहे: तुमचं पिस्तूल ज्या नाकासाठी घडलंय, ते नाक त्याला आवडतं.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. जुनं .३२ असेल, बॉल न अडकता चालत असेल, तर हॉलो पॉइंटच्या मागं लागू नका. लायसन्स स्वसंरक्षणासाठी आहे, आणि ऐन वेळी अडकणारी गोळी कितीही भारी असली तरी ती गोळी नसल्यातच जमा. तरीही हॉलो पॉइंटच चालवायची असेल तर पुढं वाचा.

पहिली तपासणी: तुमचा हात

खर्च शून्य. आणि निम्म्या तक्रारी इथंच संपतात.

घरात आवाज नको म्हणून लोक स्लाइड मागं ओढतात आणि हातानं धरून हळूहळू पुढं सोडतात. स्प्रिंगचा सगळा जोर हातात जिरतो. गोल नाकाची बॉल तेवढ्यातही कशीबशी चढते, हॉलो पॉइंट रॅम्पवर थांबते. मग निष्कर्ष काय, तर गोळी खराब. स्लाइड पूर्ण मागं, अगदी थांबेपर्यंत ओढा आणि एकदम सोडून द्या. तिच्यासोबत हात पुढं नेऊ नका. डमी काडतूस घालून तीन-चार वेळा असं करून बघा.

उलट बाजूही लक्षात घ्या. हातानं स्लाइड ओढून डमी सरळ गेली म्हणजे पिस्तूल पास झालं असं नाही. फायरिंगमध्ये स्लाइडचा वेग वेगळा, धक्का वेगळा.

रेंजवर अडकत असेल तर पकड बघा. मनगट ढिलं राहिलं की अख्खं पिस्तूलच मागं जातं, आणि फ्रेमच्या मानानं स्लाइडला पूर्ण मागं जायला जोर उरत नाही. .३२ ची बहुतेक पिस्तुलं साध्या ब्लोबॅकची (स्लाइडला कुलूप नाही, फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग), त्यांच्यात हे कमी होतं; .४५ मध्ये आणि पोलिसांच्या ९ मिमीत जास्त. एखाद्या सरावलेल्या माणसाच्या हातात देऊन बघा. त्याच्या हातात अडकलं नाही तर पिस्तूल दुरुस्तीला आणू नका, स्वतः रेंजवर जा.

दुसरी तपासणी: अदलाबदल

मॅगझिनच्या बुडावर नेलपॉलिशनं १, २ असे आकडे टाका. मॅगझिन एकच असेल तर ओळखीच्या दुकानातून त्याच मेकचं मॅगझिन तपासणीपुरतं रेंजवर मागवता येतं का बघा. आता रेंजवर चारही जोड्या करा: मॅगझिन १ मध्ये बॉल, मॅगझिन १ मध्ये हॉलो पॉइंट, मग तेच मॅगझिन २ मध्ये. कुठं काय झालं ते कागदावर लिहा.

ही तपासणी इतकी महत्त्वाची का, तर ती दोष कुठं आहे ते बोट दाखवून सांगते. बिघाड एकाच मॅगझिनच्या मागं जात असेल तर पिस्तूल उघडायची गरजच नाही. दोन्ही मॅगझिनमध्ये फक्त एकाच मेकच्या हॉलो पॉइंटला अडकत असेल तर मेक बदला. सगळ्या हॉलो पॉइंटचं नाक सारखं नसतं. काहींचं तोंड अरुंद असतं, काहींची कड गोलाईदार असते, काहींच्या खड्ड्यात प्लास्टिकचं टोक असतं. नाक जितकं बॉलसारखं, तितकी कटकट कमी. बॉलसुद्धा अडकत असेल तर हॉलो पॉइंटला दोष देणं सोडा, पुढच्या तपासण्यांकडं वळा.

तिसरी तपासणी: काडतुसं

ही मी सगळ्यांना करायला लावतो आणि कुणालाच आवडत नाही, कारण उत्तर बहुतेक वेळा 'ही काडतुसं काढून टाका' असं येतं.

काडतूस महाग, मिळायला त्रास, हिशेब द्यावा लागतो. म्हणून लोक तीच पाच-सात काडतुसं वर्षानुवर्षं वापरतात. रात्री भरायचं, सकाळी काढायचं. मॅगझिनमधलं सर्वांत वरचं एकच काडतूस शेकडो वेळा रॅम्पवर आपटतं. दर धक्क्याला गोळी पुंगळीत जराशी आत बसते. याला सेटबॅक म्हणतात. त्यानं दोन गोष्टी होतात. काडतूस आखूड होतं, म्हणजे नाक आणखी खाली टेकून अडकायला आणखी निमित्त. आणि हे त्याहून वाईट: आतली जागा कमी झाल्यानं झाडताना दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो. पिस्तूल फुटायची वेळ येऊ शकते.

तपासायला व्हर्नियर पुरतो. त्याच डब्यातलं न वापरलेलं काडतूस आणि तुमचं रोजचं काडतूस शेजारी ठेवून लांबी मोजा. .३२ ऑटोच्या काडतुसाची एकूण लांबी जास्तीत जास्त २५ मिलिमीटर. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची बॉल त्याच्या जवळपास असते, हॉलो पॉइंट बऱ्याचदा एक ते दोन मिलिमीटर आखूड. म्हणून बॉलशी नव्हे, त्याच मेकच्या नव्या हॉलो पॉइंटशी तुलना करा. फरक डोळ्यांना दिसत असेल तर ते काडतूस झाडायचं नाही, चेंबरमध्ये घालायचंही नाही. लायसन्स असलेल्या दुकानात द्या, ते नियमाप्रमाणे विल्हेवाट लावतील. नालीत किंवा विहिरीत टाकू नका. गोळी पक्कडीनं ओढून परत वर आणायचा प्रयत्न तर अजिबात नको.

दुसरं, कळंक. चामड्याच्या पट्ट्यात किंवा चामडी कव्हरात काडतुसं राहिली की पितळेवर हिरवट थर चढतो. असं काडतूस चेंबरमध्ये घासत जातं आणि शेवटच्या दोन मिलिमीटरवर बसतं. काडतुसं कंपनीच्या डब्यात ठेवा. कळंक चढलेल्यांना ब्रासोनं चमकवायचा उद्योग करू नका.

तिसरं, नाकाचा आकार. हॉलो पॉइंटचं तोंड शिशाचं असेल तर ते मऊ. खिशात किल्ल्यांसोबत फिरलं, दोन-चारदा रॅम्पवर आपटलं, की कड चेपते. चेपलेल्या कडेचं काडतूस बाजूला ठेवा. .२२ मध्ये हे फार होतं, कारण तिथं गोळी बहुधा उघड्या शिशाची असते. .२२ नेमबाजांनी एवढंच करावं: वेगवेगळ्या मेकचे डबे आणून आपल्या पिस्तुलाला कोणता मानवतो ते ठरवावं आणि चेंबर साफ ठेवावं. .२२ चं मेण आणि काजळी लवकर साचते.

चौथी तपासणी: साफसफाई, आणि सोलापूर

आपल्या गावात या बिघाडाला दोन स्थानिक कारणं आहेत.

पहिलं, टॉवेल. घरोघरी टॉवेलचे तुकडे असतात, आणि पिस्तूल पुसायला तेच हाताशी येतात. टेरी टॉवेलचा लव सुटतो. तो मॅगझिनमध्ये, एक्सट्रॅक्टरच्या आकड्याखाली, स्लाइडच्या खाचांत जाऊन बसतो आणि तेलात भिजून त्याचा बोळा होतो. यंत्रमागाच्या कारखान्यात कपाटात पिस्तूल ठेवणाऱ्यांच्या शस्त्रात तर कापसाचा लव आपसूक सापडतो. जुन्या धोतराची, धुऊन झिरझिरीत झालेली चिंधी वापरा. तिचे धागे सुटत नाहीत.

दुसरं, ऊन आणि धूळ. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. पातळ तेल उडून जातं आणि मागं चिकट थर उरतो, त्यावर काळ्या मातीची बारीक धूळ बसते. निवडणुकीच्या वेळी शस्त्र जमा करायला सांगितलेल्यांचं पिस्तूल तर कित्येक आठवडे कुणी उघडत नाही. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या. लोकसभेची आचारसंहिता मार्चपासून जूनपर्यंत, म्हणजे ऐन उन्हाळ्याभर. परत मिळाल्यावर पिस्तूल सरळ कमरेला लावायचं नसतं. आधी उघडा, पुसा, तेल द्या.

तेल कोणतं? खोबरेल तेल नको. ते २४-२५ अंशांखाली गोठतं, डिसेंबरातल्या पहाटे स्लाइडच्या खाचेत लोणी झालेलं सापडतं. यंत्रमागाचं तेलही नको, तुरुतुरु पळतं आणि धूळ धरतं. डब्ल्यूडी-४० साफ करायला ठीक, पण वंगण म्हणून टिकत नाही. शिवाय काडतुसावर उडालं तर प्राइमरमध्ये (बुडातल्या, ठोक बसताच पेटणाऱ्या टोपीत) झिरपायची भीती. शस्त्राचंच तेल घ्या आणि थेंबानं मोजून द्या: स्लाइडच्या खाचांना एकेक, बॅरलच्या बाहेरच्या घासणाऱ्या भागाला एक. मॅगझिनच्या आत तेल नको. चेंबर आणि फीड रॅम्प कोरडे. ओल्या रॅम्पवरून गोळी जास्त छान घसरेल असं वाटतं, पण तिथं तेल म्हणजे धुळीला आमंत्रण.

फीड रॅम्पवर करडा किंवा तांबूस थर दिसला तर तो शिशाचा, तांब्याचा. सॉल्व्हंट लावून चिंधीनं, फार तर नायलॉनच्या ब्रशनं काढा. एवढंच. पॉलिश पेपर हातात घ्यायचा नाही, का ते खाली सांगतो. बॅरल काढता येत असेल तर चेंबर उजेडाकडं धरून आत काजळीचं कडं दिसतं का बघा.

पाचवी तपासणी: मॅगझिन

फौजेत नवा शिपाई शस्त्र बदलून मागायला आला की जुने उस्ताद आधी त्याचं मॅगझिन मागायचे.

बुडाची पट्टी काढा, स्प्रिंग आणि फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारा तुकडा) बाहेर घ्या. स्प्रिंग उडते, डोळा सांभाळा, आणि कोणतं टोक पुढं होतं त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढा. उलटी बसवलेली स्प्रिंग हे नाक खाली जाण्याचं नेहमीचं कारण आहे. आतली नळी कोरड्या चिंधीनं पुसा. फॉलोअर तुटलाय का, तिरका होऊन घासतो का बघा.

मग ओठं. मॅगझिनच्या वरच्या दोन्ही वळलेल्या कडा काडतूस किती वेळ धरायचं आणि कधी सोडायचं हे ठरवतात. मॅगझिन फरशीवर पडलं की ती चेपतात किंवा फाकतात. फाकली तर काडतूस लवकर सुटतं आणि नाक वर उडतं. चेपली तर उशिरा सुटतं आणि नाक खाली राहतं. दोन्ही कडांमधलं अंतर व्हर्नियरनं मागं आणि पुढं मोजा आणि चालणाऱ्या मॅगझिनशी ताडून बघा. फरक दिसला तर पक्कडीनं वाकवू नका. नवं घ्या. वाकवलेली ओठं काही दिवस चालतात आणि मग ऐन वेळी दगा देतात.

स्प्रिंग भरून ठेवल्यानं मरते का, हा कायमचा प्रश्न. चांगल्या पोलादाची स्प्रिंग नुसतं दाबून ठेवल्यानं फारशी थकत नाही. पुन्हापुन्हा दाबून-सोडून थकते. पण वीस-तीस वर्षांची स्प्रिंग थकलेली असणारच. शेवटची दोन काडतुसं नाक खाली करत असतील तर संशय तिच्यावर. पहिलंच काडतूस अडकत असेल तर मॅगझिन काठोकाठ भरलंय का बघा. एक कमी भरून बघा. सात मावत असतील तर सहा भरा.

.३२ वाल्यांसाठी: रिमलॉक

.३२ ऑटोचं काडतूस १८९९ पासूनचं, ब्राउनिंगच्या पहिल्या पिस्तुलासोबत आलेलं. त्याच्या बुडाची कड पुंगळीपेक्षा जराशी रुंद आहे: कड सुमारे ९.१ मिलिमीटर, पुंगळी सुमारे ८.५. हा अर्धा मिलिमीटर सगळा घोळ घालतो. वरच्या काडतुसाची कड नेहमी खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढं असायला हवी. ती मागं गेली की वरचं काडतूस पुढं सरकताना खालच्याला ओढतं आणि दोन्ही जागच्या जागी घट्ट.

बॉल पूर्ण लांबीची, ती मॅगझिनमध्ये पुढून-मागून जेमतेम बसते, तिला मागं सरकायला जागाच नसते. आखूड हॉलो पॉइंटला पुढं मोकळी जागा मिळते. भरलेलं मॅगझिन कमरेला लावून मोटारसायकलवर अक्कलकोट रोडचे खड्डे खाल्ले की काडतुसं आत पुढं-मागं हलतात आणि कधीतरी एक कड दुसरीच्या मागं जाते. रेंजवर चाललं आणि महिनाभरानं अडकलं, या कोड्याचं उत्तर बहुधा हेच.

उपाय साधा. भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढं बसली की नाही बघा. कंबरेला लावून फिरलेलं मॅगझिन आठवड्याला रिकामं करून पुन्हा भरा. काही कंपन्या आखूड काडतुसांसाठी मॅगझिनमध्ये मागं पट्टी बसवून देतात. तुमच्या मेकची मूळ मिळत असेल तर घ्या, घरी पत्रा कापून घालू नका. नाहीतर .३२ मध्ये पूर्ण लांबीची बॉल वापरा. मी स्वतः हाच सल्ला देतो.

रिमलॉक झालेल्या मॅगझिनमध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. काडतुसाच्या बुडाला प्राइमर आहे. मॅगझिन पिस्तुलातून काढा, बुडाची पट्टी सावकाश सरकवून स्प्रिंगचा दाब खालून सोडा, काडतुसं आपोआप सैल होतात. पट्टी निघत नसेल तर तसंच घेऊन या.

सहावी तपासणी: एक्सट्रॅक्टर आणि रीकॉइल स्प्रिंग

इथपर्यंत फरक पडला नसेल तर स्लाइड उतरवा. डमी काडतुसाची कड हातानं एक्सट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकवा. सरकताना थोडा विरोध हवा, आणि सोडल्यावर काडतूस पडायला नको. सरकतच नसेल तर आकडा फार कडक किंवा त्याखाली घाण. नाक वर जाऊन अडकण्याचं हे कारण. पडत असेल तर आकडा थकला. घाण दातकोरणीनं काढा. आकडा घासणं किंवा बदलणं तुमचं काम नाही.

रीकॉइल स्प्रिंग नव्याशी ताडून बघा. स्पष्ट आखूड झाली असेल तर त्याच मॉडेलची मूळ घ्या. 'जरा कडक' स्प्रिंग घातली की स्लाइड जोरात पुढं येईल, असा हिशेब लोक करतात. पण मग ती पूर्ण मागं जात नाही आणि नवाच बिघाड घेऊन बसता. ब्लोबॅकमध्ये स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांच्यावरच सगळा तोल आहे.

इथं थांबा

फीड रॅम्प. इंटरनेटवर प्रत्येक जण सांगतो, पॉलिश पेपर मारा, ड्रिलला बफ लावा, आरसा करा. रॅम्पचा कोन बदलला की बॉलसुद्धा अडकायला लागते. त्याहून गंभीर म्हणजे, रॅम्पची वरची कड चेंबरच्या तोंडाशी असते आणि तिथं पुंगळीच्या बुडाला आधार देते. ती कड गोल झाली की पुंगळीचा तेवढा भाग उघडा पडतो आणि झाडताना तिथून फाटू शकतो. गरम वायू खाली मॅगझिनमध्ये, हातात. घासलेलं पोलाद परत येत नाही. बॅरल बदलावं लागतं, आणि त्याची कागदपत्रं वेगळी. शिवाय शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्र दुरुस्तीचं काम लायसन्सशिवाय करता येत नाही. एमआयडीसीतला लेथवाला कितीही हुशार असू दे, त्याच्याकडं नेऊ नका.

याशिवाय पुढचं काही दिसलं तर त्या क्षणी थांबा. फायर करताना नेहमीपेक्षा हलका 'फुस्स' आवाज आला: गोळी बॅरलमध्येच असू शकते, पुढची झाडली तर बॅरल फुटेल. ट्रिगर दाबूनही फायर झाली नाही: नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबा, मगच रिकामं करा. स्लाइड शेवटच्या मिलिमीटरवर अडली: तळव्यानं ठोकून बसवू नका, विशेषतः काडतूस आखूड झालेलं असेल तर. पुंगळी फुगलेली किंवा चिरलेली निघाली. स्लाइडला, फ्रेमला तडा दिसला. स्लाइड पुढं येतानाच गोळी सुटली, किंवा एका दाबात दोन सुटल्या. यातलं एकही झालं तर रेंज ऑफिसरला सांगा, पिस्तूल रिकामं करवून घ्या आणि पुन्हा भरू नका.

आणि हो, बिनलायसन्सचं गावठी पिस्तूल घेऊन कुठल्याच दुकानात जाऊ नका. आमच्यात ते कुणी हातात घेत नाही.

दुकानात येताना

पिस्तूल रिकामं, पेटीत. लायसन्सचं मूळ पुस्तक. सगळी मॅगझिन आणा, चालणारीसुद्धा, कारण ताडून बघायला तीच लागतात. काडतुसं वेगळ्या डब्यात: ज्याला अडकलं त्या मेकची दोन-चार, आणि जे प्रत्यक्ष अडकलं ते काडतूस खूण करून. त्याच्या नाकावर, पुंगळीवर कुठं ओरखडा आहे त्यावरून ते कुठं आपटलं हे कळतं. शक्य असेल तर रेंजवर अडकलेल्या अवस्थेतला, उघड्या स्लाइडचा फोटो. नळी सुरक्षित दिशेला ठेवून, बोट ट्रिगरबाहेर ठेवून, दुसऱ्याकडून काढून घेतलेला. आणि चार जोड्यांचा तो कागद.